काटा हलतो, आकडे थांबतात

जुन्या पद्मिनीचा वेगाचा काटा चाळीस, पन्नास असा झकास चढतो आणि सिग्नलला गाडी थांबली की शून्यावर उतरतो. मात्र त्याच तबकडीच्या खिडकीतले किलोमीटरचे आकडे मागच्या वेळी पेट्रोल भरताना होते तिथेच आहेत. मायलेज काढता येत नाही, ऑइल कधी बदलायचं ते कळत नाही. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा केबल बदलण्याचा मिळतो. नवी केबल बसते, पैसे जातात आणि आकडे जागचे हलत नाहीत. ते हलणारही नव्हते, कारण केबल धडधाकट असल्याची साक्ष काट्याने आधीच दिली होती.

जुन्या गाडीतला स्पीडोमीटर म्हणजे एका डबीत बसवलेली दोन वेगळी यंत्रं. एक वेग दाखवतं, दुसरं अंतर मोजतं. दोघांना फिरवणारी केबल मात्र एकच. एका नळाला दोन तोट्या असाव्यात तशी ही मांडणी आहे. दोन्ही तोट्या कोरड्या पडल्या तर बिघाड मागे नळात शोधायचा, एकच कोरडी असेल तर त्या तोटीत. म्हणून अंतर मोजणारा यांत्रिक ओडोमीटर बंद पडला की हातात पाना घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : आकडे थांबले तेव्हा काटा काय करत होता? या प्रश्नाच्या उत्तरात निदानाचा निम्म्याहून जास्त भाग उरकतो. तरीही तो प्रश्न क्वचितच विचारला जातो आणि चांगले सुटे भाग उगाच बदलले जातात. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार वाईट, कारण मूळचा मीटर एकदा नासला की त्याच्या जोडीचा मिळेलच असं नाही.

निदान नीट करायचं तर ही फिरती साखळी एकदा टोकापासून टोकापर्यंत पाहायला हवी.

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा गाड्यांमध्ये ती गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला सुरू होते. पद्मिनी अशीच, अ‍ॅम्बेसेडरही अशीच. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या मुख्य दांड्यावर वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर. तो एका छोट्या पिनियनला फिरवतो आणि त्या पिनियनच्या पोटात केबलचं चौकोनी टोक अडकलेलं असतं. हा दांडा थेट मागच्या चाकांशी जोडलेला असल्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे की चौथ्या, याने मोजणीत काही फरक पडत नाही. चाक जितकं फिरेल त्याच प्रमाणात केबल फिरते.

केबलची आतली तार एकसंध नसते. बारीक पोलादी तारांचे थर एकावर एक, उलटसुलट दिशांनी गुंडाळून ती बनवतात. त्यामुळे ती वाकते, पण पीळ खाऊन सुटत नाही. बाहेरून तिला लवचीक नळीचं आवरण असतं. डॅशबोर्डच्या मागे ही तार मीटरच्या दांड्याला फिरवते आणि इथे वाटा फुटतात.

दांड्याच्या टोकावर एक चुंबक असतो. त्याच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते आणि दोघांमध्ये बारीक फट असते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितका वेगाने फिरेल तितकी वाटी जास्त वळते आणि वाटीच्या आसावरचा काटा तितका पुढे सरकतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि विसावं शतक संपेपर्यंत लाखो गाड्या हीच युक्ती वापरत राहिल्या.

ओडोमीटरची वाट वेगळी. त्याच दांड्यावर आणखी एक वर्म असतो. तो दातेरी चाकांच्या साखळीतून वेग कमी करत करत आकड्यांच्या चाकांपर्यंत गती पोचवतो. इथे चुंबक नाही, स्प्रिंगचा ताण नाही, फक्त दात आणि दात. हा फरक निदानात फार उपयोगाचा आहे. चुंबक वर्षानुवर्षांत कमजोर होतो, स्प्रिंग थकते, वाटीत धूळ जाते, म्हणून काटा थोडा कमी किंवा थोडा जास्त दाखवू शकतो. ओडोमीटर असा ‘थोडा थकत’ नाही. तो एकतर ठरलेल्या प्रमाणात मोजतो, नाहीतर अडखळतो किंवा थांबतो. काटा साठऐवजी पंचावन्न दाखवतो म्हणून आकडेही चुकत असणार, असं धरून चालणं म्हणूनच चूक आहे.

आता पहिला प्रसंग : काटा आणि आकडे, दोन्ही बंद. बिघाड दोघांच्या सामाईक वाटेत आहे. मीटरच्या मागचा केबलचा नट हाताने सोडवावा आणि कुणाला तरी गाडी हळू पुढे ढकलायला सांगून आतली तार फिरते का ते पाहावं. तार फिरत असेल तर केबल आणि पिनियन दोन्ही ठीक आहेत. मग मीटरची चौकोनी खोबण झिजलेली असेल किंवा तार आखूड पडून खोबणीत पोचतच नसेल. तार फिरत नसेल तर ती बाहेर ओढून पाहावी. अर्धीच हातात आली तर निकाल लागला. अख्खी आली तर दोन्ही टोकं तपासावीत, कारण चौकोनी टोकाचे कोपरे घासून गोल झाले की ते खोबणीत नुसतं घसरत राहतं. टोकंही शाबूत असतील तर गाडीखाली जाऊन गिअरबॉक्समधला पिनियन काढून त्याचे दात पाहायचे.

तुटलेली तार सापडली की काम संपलं, असं वाटणं साहजिक आहे. पण ती का तुटली हे विचारल्याशिवाय नवी घालू नये. ही तार बहुतेकदा स्वतःहून तुटत नाही, पुढे काहीतरी अडकलेलं असतं म्हणून तुटते. मीटरच्या खोबणीत योग्य मापाचा चौकोनी तुकडा घालून दांडा बोटांनी फिरवून बघावा. तो अलगद फिरायला हवा. कुरकुरला, अडखळला किंवा जोर लावावा लागला तर आतलं वंगण वाळून घट्ट झालं आहे आणि नवी तारही थोड्याच दिवसांत तुटणार. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी वगळल्यामुळे एकाच गाडीत पुन्हा पुन्हा केबल घालावी लागते.

केबल बसवण्याचेही नियम आहेत. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीचे मीटर एमजी, मॉरिस, ऑस्टिन अशा असंख्य गाड्यांत असत. त्या काळच्या दुरुस्तीच्या सूचना आजही जशाच्या तशा लागू पडतात. मीटरच्या टोकाला आतली तार आवरणाबाहेर सुमारे 10 मिलिमीटर डोकावली पाहिजे. जास्त लांब असेल तर ती मीटरचा दांडा आत दाबून धरते आणि मीटरच झिजवते. केबलचं कुठलंही वळण 150 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळलेलं नको आणि मीटरच्या मागचे पहिले 5 सेंटिमीटर तरी केबल सरळ जायला हवी. तार वाकडी झाली आहे का, हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे : ती सपाट टेबलावर ठेवून तळहाताने लाटावी. सरळ तार सारखी फिरते, वाकडी उड्या मारते. काटा एका जागी न थांबता थरथरत असेल तर दोष बहुधा इथेच असतो. तेव्हा मीटर उघडायची गरज नसते.

वंगणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने घातलेल्या तेलामुळे होतं. तारेला हलकं ग्रीस लागतं, तेल नाही. ग्रीस लावून तार पूर्ण आत घातल्यावर ती पुन्हा सुमारे 20 सेंटिमीटर बाहेर ओढायची, तेवढा भाग पुसून कोरडा करायचा आणि मग परत सारायची, असं जुनी पुस्तकं सांगतात. मीटरकडचं टोक जवळजवळ कोरडंच राहिलं पाहिजे. कारण आवरणात फिरणारी गुंडाळलेली तार आर्किमिडीजच्या स्क्रूसारखं काम करते, म्हणजे खालचं तेल हळूहळू वर चढवते. गिअरबॉक्सच्या टोकाचं ऑइल सील गेलं असेल तर गिअरबॉक्सचं तेलही या वाटेने थेट डॅशबोर्डपर्यंत पोचतं. मीटरमध्ये ते चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या फटीत शिरतं, चिकट होतं, आणि मग वाटी चुंबकाबरोबर भौतिकरीत्याच ओढली जाते. गाडी वीसने चालली असताना काटा शंभरच्या पलीकडे झेपावतो. आकडे मात्र बरोबर पडत राहतात. हे लक्षण दिसलं की आधी खालचं सील बदलावं, मगच वरचा मीटर साफ करावा. उलट क्रमाने केलं तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

काटा मेलेला आणि आकडे चालू, असाही प्रसंग येतो. केबल आणि वर्म ठीक असल्याचं आकडेच सांगतात, म्हणजे दोष वाटी, स्प्रिंग किंवा काट्याच्या आसात आहे. ओडोमीटरशी त्याचा संबंध नाही.

सगळ्यात चिवट प्रसंग सुरुवातीचाच : काटा जिवंत, आकडे बंद. इथे सामाईक वाट निर्दोष ठरलेली आहे, तेव्हा केबलला हात लावायचं कारण नाही. मीटर उघडण्याआधी आणखी एक साक्षीदार तपासावा. अनेक गाड्यांत एकूण अंतराच्या आकड्यांखाली प्रवासापुरते मोजणारे, शून्यावर आणता येणारे दुसरे आकडे असतात. दोन्ही बंद असतील तर दोष दोघांच्या आधी, दांड्याजवळच्या वर्ममध्ये किंवा पहिल्या दातेरी चाकात. प्रवासाचे आकडे चालू आणि एकूण बंद असतील तर दोष त्याच्या पुढे. उलट असेल तर शून्यावर आणणाऱ्या यंत्रणेत.

जर्मनीत 1976 ते 1985 दरम्यान बनलेली मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू 123 मालिका या दोषासाठी जगभर ओळखली जाते. इंजिनं लाखो किलोमीटर बिनबोभाट चालली, पण आकडे वाटेतच थांबले. त्यातल्या व्हीडीओ कंपनीच्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं ज्या बारीक दांड्यावर असतात, त्यावर एक लहान धातूचा गिअर दाबून बसवलेला असतो. कालांतराने त्याची पकड सैल होते. गिअर फिरत राहतो, दांडा फिरत नाही. बाहेरून पाहिलं तर सगळे दात शाबूत, सगळं फिरताना दिसतं, म्हणून नवखा माणूस चक्रावतो. खूण अशी, की दांड्याला बोटाचा हलका आधार दिला की तो थांबतो आणि गिअर मात्र चालू राहतो. उपाय म्हणजे दांडा काढून त्या जागी बारीक खरखरीत रेघा पाडायच्या आणि गिअर पुन्हा घट्ट बसवायचा. गाडी चालत असताना प्रवासाचे आकडे शून्यावर आणण्याचं बटण दाबू नये, असं जुने मालक एकमेकांना बजावतात ते अशा मीटरमुळेच. दात एकमेकांत गुंतलेले असताना दिलेला झटका त्या नाजूक सांध्यालाच बसतो.

स्मिथ्सच्या मीटरमधली रचना निराळी आहे. तिथे वर्मवरचं चाक एका विकेंद्री खुंटीने छोटी खिटी पुढे-मागे हलवतं आणि ती खिटी रॅचेटच्या चाकाला एकेक दात पुढे ढकलते. वाळलेल्या वंगणाने खिटी जागीच चिकटली किंवा तिची बारीक स्प्रिंग निसटली की आकडे थांबतात. साफसफाईनेच अनेकदा ते पुन्हा चालू होतात. गाडी मागे घेताना शेवटचा आकडा काय करतो, हे पाहिलं तर आतली रचना न उघडताही कळू शकते. निव्वळ गिअरच्या साखळीत आकडा मागे सरकतो, खिटी आणि रॅचेट असेल तर मागे जाऊनही तो कमी होत नाही. 1986 च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या अमेरिकी चित्रपटात दोन मुलं त्यांच्यातल्या एकाच्या बापाची फेरारी जॅकवर चढवून मागच्या गिअरमध्ये चालवतात, आकडे उलटे फिरतील या आशेने. ते फिरत नाहीत.

आकडे कुठे थांबले, तेही वाचावं. आकड्यांच्या प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ छापलेलं असतं. चाकाच्या एका बाजूला आत वीस दात असतात, दुसऱ्या बाजूला फक्त दोन. एकक चाकाची एक फेरी पूर्ण होताना ते दोन दात शेजारच्या चिमुकल्या पिनियनला पकडतात आणि तो पिनियन दशकाच्या चाकाला वीसपैकी दोन दातांनी, म्हणजे बरोबर एका आकड्याने पुढे सरकवतो. एरवी पिनियन जागेवर अडकून दशकाचं चाक पक्कं धरून ठेवतो. यावरून एक गोष्ट उघड होते. 43,256 वरून 43,257 होताना एकच चाक हलवायचं असतं, पण 49,999 वरून 50,000 होताना पाचही चाकं एकाच वेळी हलवावी लागतात. त्या क्षणी साखळीवरचा भार सर्वांत जास्त असतो. मीटर 999 किंवा 9,999 च्या आसपास थांबलेला दिसला तर वरच्या स्थानांचं एखादं चाक गंज, धूळ किंवा फुगलेल्या प्लॅस्टिकमुळे अडकलं असण्याचा संशय घ्यावा. त्याने साखळी अडवली आणि सगळ्यात दुबळा दात बळी गेला. नुसता तुटलेला गिअर बदलून, अडकलेलं चाक तसंच ठेवून मीटर बंद केला तर पुढचा 999 पुन्हा तेच करणार. आकडे खिडकीत सरळ रेषेत न दिसता अर्धवट वरखाली दिसत असतील तर हेच छोटे पिनियन झिजले आहेत किंवा कुणीतरी पूर्वी चाकं बळजबरीने फिरवली आहेत.

थांबलेला ओडोमीटर निदान उघड दिसतो. चालू असून चुकीचं मोजणारा जास्त फसवतो. इथे रस्त्यावरच्या चाचणीला पर्याय नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या, किलोमीटरचे फलक असलेल्या रस्त्यावर शेवटचा आकडा नेमका बदलताना सुरुवात करावी आणि किमान 10 किलोमीटर मोजावेत. एकाच फलकावर विसंबू नये, सोबत मोबाइलच्या जीपीएसवरही पाहावं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. दोन्ही वेळा तितकीच टक्केवारी चुकत असेल तर यंत्र निरोगी आहे, प्रमाण चुकलं आहे. दर वेळी वेगळी चूक येत असेल तर आत काहीतरी घसरतं किंवा अडकतं आहे.

प्रमाणाचा हा मुद्दा मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन केलं. साडेबारा फूट परिघाचं चाक 400 वेळा फिरलं की 5,000 फूट, म्हणजे एक रोमन मैल होतो आणि तेव्हा एक खडा खाली भांड्यात पडतो. 1847 मध्ये अमेरिकेत मॉर्मन पंथीयांच्या स्थलांतरात विल्यम क्लेटन गाडीच्या चाकाला लाल कापड बांधून फेऱ्या मोजत चालला. 14 फूट 8 इंच परिघाच्या त्या चाकाच्या बरोबर 360 फेऱ्या म्हणजे एक मैल. मोजून कंटाळल्यावर त्याने ऑर्सन प्रॅटने आखलेलं आणि अ‍ॅपल्टन हार्मनने बनवलेलं लाकडी यंत्र लावून घेतलं. विट्रुव्हियस असो, क्लेटन असो की पद्मिनी, कोणताही ओडोमीटर अंतर मोजतच नाही, तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. परीघ बदलला की हिशेब बदलतो.

म्हणून प्रमाण चुकलं की आधी टायरकडे पाहावं. मूळच्या मापाचे टायर बाजारात मिळत नाहीत म्हणून जवळच्या मापाचे रेडियल बसवलेले असतात. परीघ 5 टक्क्यांनी वाढला तर गाडी 105 किलोमीटर जाते आणि मीटर 100 दाखवतो. टायर झिजण्यानेही फरक पडतो : 30 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर 6 मिलिमीटर रबर झिजलं की दर शंभरामागे दोन किलोमीटर जास्त पडतात. त्यानंतर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल. दुसऱ्या मॉडेलचं डिफरन्शियल बसवून केबलकडचा पिनियन तोच ठेवला तर मोजणी कायमची चुकते. भारतात आणखी एक खास कारण सापडतं. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली ती 1956 च्या कायद्यानंतर, टप्प्याटप्प्याने. त्याआधीच्या गाड्यांचे मीटर मैलांचे. त्या गाड्यांत पुढे कधीतरी किलोमीटरचा मीटर बसवला गेला असेल किंवा किलोमीटरच्या गाडीत जुन्या बाजारातून आणलेला देखणा मैलांचा मीटर. जुळवणी न करता केलेली अशी अदलाबदल चाचणीत लगेच पकडली जाते, कारण चूक किरकोळ नसून मोठी आणि दर वेळी तंतोतंत सारखी असते.

मीटर आणि गाडी एकमेकांना जुळतात का, हे गणिताने ठरवता येतं. मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. स्मिथ्सच्या मीटरवर तो 1000 किंवा 1280 असा, म्हणजे मैलामागे केबलच्या किती फेऱ्या अपेक्षित आहेत ते सांगणारा. युरोपातल्या अनेक मीटरांवर तो मीटरमागच्या फेऱ्यांत असतो. तिथे 1.0 म्हणजे गाडी एक मीटर पुढे गेली की केबलची एक फेरी. आता गाडी केबलला किती फेऱ्या देते ते मोजायचं. केबल मीटरपासून सोडवून तिच्या टोकावर कागदाचा छोटा बाण टोचायचा. मागची दोन्ही चाकं बरोबर सहा वेळा फिरेपर्यंत गाडी सरळ ढकलायची आणि बाणाच्या फेऱ्या, अपूर्णांकासह मोजायच्या. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गाडी चाकांवर उभी असताना. फेऱ्यांना 2653 ने गुणून या उंचीने भागलं की किलोमीटरमागच्या फेऱ्या मिळतात. इंचांत आणि मैलांत करायचं असेल तर गुणक 1680. समजा बाण 8 वेळा फिरला आणि उंची साडेबारा इंच आहे, तर मैलामागे 1,075 फेऱ्या झाल्या. तबकडीवर 1000 छापलं असेल तर तो मीटर साडेसात टक्के जास्त मोजणार. गाडी ढकलण्याऐवजी एकच चाक जॅकवर उचलून फिरवलं तर मात्र सहाऐवजी बारा फेऱ्या द्याव्या लागतात, कारण दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं. ही गोष्ट विसरून चांगल्या मीटरला दोषी ठरवणं सहज घडतं.

मुंबईकरांना हे गणित नाव न घेता माहीत होतं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेला भाड्याचा यांत्रिक मीटर हा ओडोमीटरचाच भाऊबंद. तोही गाडीच्या चाकांच्या फेऱ्यांवर चाले. आतल्या दातांचं प्रमाण पक्कं असल्याने भाडेवाढ झाली तरी मीटर तोच आकडा दाखवायचा आणि प्रवासी-चालक दोघंही दरपत्रकाच्या कार्डावर खरं भाडं शोधायचे. चाकाचा परीघ कमी झाला की हाही मीटर जास्त पळायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. मुंबईत नोंदवली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली होती. टॅक्सींसाठीची वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर तो अध्याय मिटला. खासगी मालकांकडे मात्र पद्मिनी अजून आहेत आणि त्यांचे मीटर दुरुस्त करण्याजोगे आहेत.

मीटर उघडायचाच झाला तर घाई नको. क्रोमची कड मागून दुमडलेली असते, ती थोडी थोडी उकलायची. काटा काढण्याआधी तो थांब्याच्या खुंटीवरून अलगद पलीकडे नेऊन, स्प्रिंग पूर्ण सैल असताना तो कुठे विसावतो ती जागा नोंदवायची. ही खूण नसेल तर काटा परत बसवताना वेगाचं माप गेलंच म्हणून समजा. तबकडी आणि आकड्यांवर थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नये, छपाई उतरते. आकड्यांची चाकं आणि प्लॅस्टिकचे दात कोरडेच ठेवायचे. हलक्या तेलाचा एखादा थेंब फक्त मुख्य दांड्याच्या बेअरिंगला. आणि एक गंभीर सूचना : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही मीटरच्या काट्यांवर, आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. त्याची चमक केव्हाच गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नाही. तो रंग खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. असा मीटर जाणकाराकडेच द्यावा.

दुरुस्तीनंतरची चाचणी टेबलावर करता येते. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये चौकोनी तुकडा धरून मीटर फिरवायचा, आधी दिशा तपासून, कारण उलट्या दिशेने काटा थांब्यावर दाबला जातो. किलोमीटरला 1000 फेऱ्या असलेला मीटर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरवला तर काटा 60 वर हवा आणि एका मिनिटात बरोबर एक किलोमीटर पडायला हवा. काटा 55 वर आणि आकडा मात्र बरोबर एक किलोमीटर, असं झालं तर ओडोमीटर पास आणि काट्याची जुळवणी बाकी. मग 99 वरून 100 आणि 999 वरून 1,000 होताना डोळे लावून पाहायचं. सगळी चाकं एकदम, न अडखळता सरकली पाहिजेत.

आकडे पुन्हा लावण्याचा प्रश्न उरतो. जुन्या गाड्यांचे मीटर बहुधा पाच आकडी असल्याने 43,210 म्हणजे 1,43,210 ही असू शकतं. अमेरिकेतली 1966 ची एक व्होल्वो पी 1800 एस इर्व्ह गॉर्डन यांनी 2013 पर्यंत तीस लाख मैल चालवली. पाच आकडी मीटर अशा गाडीत तीस वेळा शून्यावर आला असता. दुरुस्तीआधी आकडे बंद होते त्या काळात गाडी किती चालली हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, आणि अंदाजाने आकडा पुढे किंवा मागे लावणं पुढच्या मालकाची फसवणूक ठरते. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने याची सोय केलेली आहे : दुरुस्तीनंतर मूळ आकडा कायम ठेवता येत नसेल तर मीटर शून्यावर लावायचा आणि आधीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. आपल्याकडच्या मालकानेही मीटर उघडण्याआधी तबकडीचा तारखेसह फोटो काढावा, सर्व्हिस बुकात ‘इतक्या किलोमीटरवर बंद, या तारखेला दुरुस्त’ अशी ओळ लिहावी आणि तुटलेला गिअर एका पाकिटात घालून त्याच बुकाबरोबर ठेवावा. पुढे कधी सुटा भाग बनवून घ्यायची वेळ आली तर त्याचे दात मोजायला नमुना हाताशी राहतो.